बाटल्या फुटतायत आणि बिअरला बँडेडचा वास येतोय – मदत हवी

फेसाळलेला (प्लेनो, टेक्सास) – शनिवार सकाळ

मंडळी, घरी बिअर करणारे इथे चार-पाच जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय.

मार्चच्या सुरुवातीला पेल एल (फिकट रंगाची बिअर) लावली होती. पाच गॅलन, म्हणजे साधारण 19 लिटर. एक्स्ट्रॅक्टचं (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, म्हणजे माल्टच्या, तयार अर्काचं) किट, कोरडं अमेरिकन एल यीस्ट, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाते तशी उतरते) 1.052. बादली गराजमध्ये. पहिले तीन-चार दिवस एअरलॉक (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी नळी) नुसता बडबडत होता, मग एकदम गप्प. दोन आठवडे थांबलो, ग्रॅव्हिटी 1.020 आली. एअरलॉक तर कधीचाच थंड, म्हणून झालं समजून बाटल्या भरल्या. किटमधलं पाच औंस साखरेचं पाकीट उकळून मिसळलं होतं. बाटल्या स्वयंपाकघरातल्या कपाटात.

काल रात्री एक उघडली तर अर्धी बिअर छताला. उरलेली चाखली तर सरळ बँडेडचा वास, दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीसारखा. आणि आज सकाळी कपाटात एक बाटली आपली आपणच फुटलेली. इन्फेक्शनच ना हे? सगळं ओतून द्यायचं का? घरातून तसा हुकूम निघालाच आहे.

दादर_ते_डेन्व्हर – शनिवार सकाळ

इन्फेक्शन वगैरे नंतर बघू. आधी ते कपाट.

एक फुटली म्हणजे बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत. मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा. जाड हातमोजे, डोळ्यांवर गॉगल (उन्हाचा नव्हे, सेफ्टीचा), पूर्ण बाह्यांचं काहीतरी अंगात. बाटल्यांवर ओला टॉवेल टाका आणि एकेक करून फ्रीजमध्ये हलवा. झाकणाचा कूलर असेल तर बर्फासकट त्यातही चालेल. थंडीने दोन कामं होतात: यीस्ट झोपतं आणि वायू बिअरमध्ये विरघळून राहतो, त्यामुळे काचेवरचा दाब बराच उतरतो. पूर्ण गार झाल्या की टॉवेलाखाली ओपनरने बूच किंचित उचलायचं, फुस्स होऊ द्यायचं, परत दाबून बसवायचं. एका दिवसात संपणारं काम नाही, दोन-तीन वेळा करावं लागेल.

हे करून या, मग बोलू.

ताकपिऊ – शनिवार दुपार

म्हणून सांगतो, घरी ताक करावं. फुटलं तरी कढी होते.

फेसाळलेला – शनिवार दुपार

दादरकर, धन्यवाद. सगळ्या फ्रीजमध्ये गेल्या. भाजी सध्या बाहेर आहे. हलवताना एकही फुटली नाही, पण बुचं उचलली तेव्हा प्रत्येक बाटलीतून फेस आला, अगदी प्रत्येक.

दादर_ते_डेन्व्हर – शनिवार संध्याकाळ

"प्रत्येक" हा शब्द महत्त्वाचा आहे. चार-दोन बाटल्याच उसळल्या असत्या तर मी म्हटलं असतं, त्या बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या, किंवा साखर सगळीकडे सारखी मिसळली गेली नाही. सगळ्या सारख्याच उसळतायत म्हणजे घोळ बादलीतच झालाय.

आणि तो 1.020 मध्ये दिसतोय. हिशेब करा. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट (0.001) खाली आला की ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम (म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाच औंस साखर बिअरला अडीच व्हॉल्यूमच्या आसपास नेते. तेवढा फेस आपल्याला हवाच असतो. पण तुमची बिअर 1.011 पर्यंत उतरायला हवी होती असं धरलं, तर बाटलीत नऊ पॉइंट शिल्लक राहिले. म्हणजे वर आणखी साडेचार व्हॉल्यूम. बेरीज सात. साध्या बिअरच्या बाटल्या तीन-साडेतीनपर्यंत भरवशाच्या. गाडीच्या टायरमध्ये आपण 32-35 पीएसआय हवा भरतो. सात व्हॉल्यूमची बाटली स्वयंपाकघरातल्या 24 अंशांना शंभरच्या घरात जाते.

आता सांगा, गराजमध्ये थंडी किती होती? प्लेनोत मार्चमध्ये उत्तरेकडून एकेक वारं येतं ते ठाऊक आहे मला, तिकडे राहून गेलोय.

फेसाळलेला – शनिवार रात्र

होय. लावल्यानंतर चौथ्या-पाचव्या रात्री बाहेर 3-4 अंश होतं. गराजचं तापमान नाही बघितलं. घरात हीटर होता, गराजमध्ये नाही.

दादर_ते_डेन्व्हर – शनिवार रात्र

मग झालं. यीस्ट भर कामात असताना बादली गारठली, यीस्ट तळाशी जाऊन बसलं, एअरलॉक गप्प. तुम्ही ती गार बिअर बाटल्यांत भरली आणि उबदार कपाटात ठेवली. यीस्ट जागं झालं आणि उरलेलं जेवण बंद बाटलीत संपवायला लागलं.

एअरलॉक हे काही मोजमापाचं यंत्र नाही. बादलीचं झाकण जरा सैल असलं तर बुडबुडे बाजूने निघून जातात, आणि खोली तापली तर आंबणं संपलेलं असतानाही बुडबुडे येतात. खरं फक्त हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचनळी) सांगतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन वाचनं सारखी यायला हवीत, आणि तो सारखा आकडा त्या यीस्टला शोभणारा हवा. 1.020 वर दोनदा सारखं आलं तर "अडकली" म्हणायचं, "झाली" नाही. अशा वेळी बादली घरात आणायची, 20-21 अंशांवर, तळाचं यीस्ट हलकेच ढवळलं जाईल अशी गोल फिरवायची, हवा आत जाऊ न देता. बहुतेकदा चालू होते.

ओंब्या (शिकागो) – रविवार सकाळ

दादरकरांशी सहमत, पण एक राहिलं. एक्स्ट्रॅक्टच्या बिअरी 1.018-1.020 वर थांबतात ही जुनीच तक्रार आहे, आणि दर वेळी थंडीच कारण असते असं नाही. काही एक्स्ट्रॅक्टमध्ये यीस्टला न पचणाऱ्या साखराच जास्त असतात. तिथे 1.020 हाच खरा शेवट असू शकतो.

शिवाय फेसाळ, मोजलंत कशाने? कारण माझ्या ओळखीतले एक गृहस्थ महिनाभर "अडकली अडकली" करत यीस्टची पाकिटं ओतत होते आणि मोजत होते रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र). अल्कोहोल आलं की रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो. सुरुवात 13 ब्रिक्स (साखरेचं शेकडा प्रमाण) असेल आणि शेवटी 7 दिसत असेल, तर सरळ कोष्टक बघून 1.028 म्हणू नका. दुरुस्तीचं सूत्र लावलं की ते 1.012 च्या आसपास येतं. म्हणजे बिअर केव्हाच झालेली असते.

फेसाळलेला – रविवार सकाळ

हायड्रोमीटरनेच मोजलं. नमुना गारच होता बहुतेक.

ओंब्या – रविवार सकाळ

मग ठीक. गार नमुन्यात तो किंचित जास्त दाखवतो, पण एक-दोन पॉइंटचा फरक. नऊचा नाही.

सूक्ष्मजीवी (लीड्स) – रविवार दुपार

सगळे बाटल्यांच्या मागे लागलेत, वासाबद्दल कोणीच बोलेना. मला हे प्रकरण एवढं सरळ वाटत नाही.

जास्तीचा फेस आणि औषधी वास हे दोन्ही एकाच गुन्हेगाराकडून येऊ शकतात. डायस्टॅटिकस नावाचा यीस्टचा एक प्रकार आहे. आपल्या नेहमीच्या बिअर यीस्टचाच भाऊबंद, पण तो ग्लुकोअमायलेज हे एन्झाइम बाहेर सोडतो, आणि इतर यीस्ट ज्या डेक्स्ट्रिनला (लांब साखळीच्या साखरांना) हात लावत नाहीत ती तोडून खातो. हळूहळू, आठवडेच्या आठवडे. बिअर वरकरणी संपलेली दिसते आणि बाटलीत चालूच राहते. वर हे बहुतेक फिनॉलचे (औषधी, मसालेदार वासाच्या रसायनांचे) वासही देतात. फेसाळराव, याआधी त्याच बादलीत सेझाँ (बेल्जियन पद्धतीची बिअर) केली होती का? सेझाँसाठी मिळणारी बरीच यीस्टं याच जातीची असतात. प्लास्टिकच्या बादलीला चरे पडलेले असले की ती तिथे ठाण मांडतात आणि वरवरच्या सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

अवांतर: हा रोग नवा नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीची बिअर अशीच बिघडू लागली तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सनने यीस्टची एकेक पेशी वेगळी करून वाढवली आणि दाखवून दिलं की दोष जंगली यीस्टचा आहे. ते साल 1883. शुद्ध यीस्टचं पाकीट आज आपण दुकानातून आणतो त्याची सुरुवात तिथे आहे.

फेसाळलेला – रविवार दुपार

सेझाँ केली होती!! गेल्या उन्हाळ्यात. याच बादलीत.

दादर_ते_डेन्व्हर – रविवार संध्याकाळ

योगायोग. थंडीचं कारण समोर दिसत असताना भूत शोधायचं कशाला?

सूक्ष्मजीवी – रविवार संध्याकाळ

भूत असेल तर पकडता येतं, दादरकर. वाद घालायची गरजच नाही.

फेसाळ, एक बाटली घ्या. तळाचा गाळ हलवून सगळी एका भांड्यात ओता, या पेल्यातून त्या पेल्यात करत पूर्ण वायू घालवा. ग्रॅव्हिटी मोजा. मग तोंडाला फॉइल सैल लावून 24-25 अंशांवर ठेवून द्या आणि मधून मधून मोजत राहा. 1.010-1.012 ला येऊन थांबली तर दादरकर जिंकले, नुसती अर्धवट राहिलेली बिअर होती. 1.004, 1.002 असं खाली खाली जात राहिली तर डायस्टॅटिकस किंवा तसलंच काहीतरी.

दरम्यान वासाचं नीट सांगा. लवंगेसारखा की डेटॉल-बँडेड-प्लास्टिकसारखा? दोन्ही फिनॉलच, पण लवंग यीस्टकडून येते आणि बँडेड बहुतेक वेळा क्लोरीनकडून.

पेठेतला_पाहुणा (पुणे) – रविवार रात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). मला पण करायची आहे. इथे पुण्यात किट कुठे मिळेल? माल्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ऑनलाइन दिसतात.

संपादक मंडळ – रविवार रात्र

पाहुणे, महाराष्ट्रात दारूबंदी कायदा (1949) लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा ठरतो, स्वतःपुरती केली तरी. तेव्हा इथे त्याची साधनसामग्री कुठे मिळते ही चर्चा नको. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली आणि 1979 पासून ते लागू आहे: प्रौढ माणसामागे वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200. तरी अलाबामा आणि मिसिसिपीत 2013 उजाडावं लागलं. ब्रिटनमध्ये 1963 पासून परवाना लागत नाही. ज्याने त्याने आपापल्या ठिकाणचा कायदा बघावा.

पेठेतला_पाहुणा – रविवार रात्र

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो, पण राहू दे. नाचणीचं सत्त्व करायची आमची आजी, मोड आणून, वाळवून, दळून. म्हणजे माल्टिंगच की. तेवढंच करतो.

ओंब्या – सोमवार सकाळ

नाचणीच्या माल्टवर वेगळा धागा काढा राव, मी शिकागोत करून बघितलंय. बार्लीएवढा जोर नसतो त्यात, सोबत बार्ली माल्ट घातलं तर बरं पडतं. इथे विषयांतर नको.

फेसाळलेला – सोमवार संध्याकाळ

वायू घालवून मोजली: 1.014. फॉइल लावून मायक्रोवेव्हच्या वर ठेवली आहे.

वास: लवंग अजिबात नाही. बँडेड. बायकोला न सांगता ग्लास दिला, ती म्हणाली "जखमेवर काय लावलंयस?"

सूक्ष्मजीवी – सोमवार रात्र

मग वासाचं माझं मत बदललं. तो क्लोरोफिनॉल आहे. माल्ट-हॉप्समधली किंवा यीस्टने केलेली फिनॉलं क्लोरीनला भेटली की हा वास येतो, आणि तो इतक्या कमी मात्रेत कळतो की एका घोटात पुरे. काळजीचं कारण नाही, पण जाणारही नाही. मुरवून, थांबून काही उपयोग नसतो.

पाणी कुठलं? आणि बाटल्या ब्लीचने धुतल्या होत्या का?

फेसाळलेला – सोमवार रात्र

ब्लीच नाही, ॲसिडवालं न धुता चालणारं सॅनिटायझर. पाणी नळाचं. पण उकळलंय की! क्लोरीन उडून जातं ना?

आमसुली (पोर्टलंड, ओरेगन) – मंगळवार सकाळ

फेसाळ, किती उकळलं? एक्स्ट्रॅक्टच्या किटमध्ये साधारण अडीच गॅलन उकळायचं आणि बाकीचं पाणी नंतर बादलीत वरून घालायचं असं लिहिलेलं असतं. ते वरचं अडीच गॅलन तुम्ही कुठून घेतलं?

फेसाळलेला – मंगळवार सकाळ

...सिंकमधून. सरळ. आधी नेहमी दुकानातून आरओचे कॅन आणायचो, या वेळी गार पाणी हवं होतं म्हणून नळ सोडला.

आमसुली – मंगळवार सकाळ

तेच. आणि उकळलेल्या अर्ध्याचीही खात्री नाही. साधं क्लोरीन उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) हट्टी असतं. तुमच्याकडे उत्तर टेक्सासात वर्षातला बराच काळ क्लोरामाइन घालतात आणि वसंताच्या सुमारास काही आठवडे नुसतं क्लोरीन. त्या दिवसांत नळ सोडला की जलतरण तलावाचा वास येतो, तेव्हा ओळखता येतं.

उपाय चिमूटभर आहे. कॅम्पडेनची गोळी, म्हणजे मेटाबायसल्फाइट. एक गोळी 20 गॅलन पाण्याला पुरते. तुमच्या पाच-सहा गॅलनला पाव ते अर्धी गोळी, चमच्याने चुरून, ढवळून, काही मिनिटं थांबायचं. क्लोरीन असो की क्लोरामाइन, दोन्ही जातात. सगळ्या पाण्याला, वरून घालायच्या पाण्यालासुद्धा.

आणि ब्लीचचा विषय निघालाच आहे तर: ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी ते ॲसिडवाल्या सॅनिटायझरजवळ फिरकू देऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बाथरूममध्ये बाटल्या धुताना हे महागात पडेल.

टोरंटोचा_बंड्या – मंगळवार दुपार

धागा चाललाच आहे तर माझंही घ्या. लागर (थंडीत आंबवायची बिअर) केली आहे, 11 अंशांवर. ग्रॅव्हिटी शेवटाला आली. चव चांगली पण मागून लोण्याचा वास येतो, थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखा. केग करू (पिंपात भरू) का थांबू?

दादर_ते_डेन्व्हर – मंगळवार दुपार

थांबा. डायअसेटिल. यीस्टच तयार करतं आणि यीस्टच परत गिळतं, फक्त त्याला ऊब आणि वेळ द्यावा लागतो. 17-18 अंशांवर आणा, दोन-तीन दिवस ठेवा, यीस्टवरून काढू नका.

झालं की नाही हे नाकाला विचारायचं, पण युक्तीने. दोन छोटे पेले भरा, दोन्ही झाका. एक 60-70 अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून हुंगा. तापवलेल्यात लोणी आणि दुसऱ्यात नाही, तर अजून पूर्वद्रव्य (ज्यापासून पुढे डायअसेटिल बनतं ते) शिल्लक आहे. आज गाळून ठेवलीत तर पुढच्या महिन्यात केगमध्ये लोणी येईल. दोन्ही स्वच्छ असतील तर बिनधास्त गार करा. आणि कितीही थांबलात तरी लोणी वाढतच गेलं, जोडीला आंबटपणा आला, तर मात्र पेडिओकोकस (बिअर बिघडवणारा जिवाणू). तिथे ओतून टाकणे.

टोरंटोचा_बंड्या – मंगळवार दुपार

गरम पेल्यात लोणी, गारात अगदी पुसटसं. तळघरातून वरच्या बेडरूममध्ये हलवतोय. धन्यवाद!

ताकपिऊ – मंगळवार संध्याकाळ

लोणी येतंय म्हणजे तुम्ही शेवटी माझ्याच रस्त्याला लागलात.

फेसाळलेला – पुढचा रविवार

अहवाल. नमुना मायक्रोवेव्हवर होता. बुधवारी 1.012, शुक्रवारी 1.011, आज 1.011. जास्त आंबटही नाही, साय-बुरशी काही नाही.

दादर_ते_डेन्व्हर – रविवार

मी काही बोलत नाही.

सूक्ष्मजीवी – रविवार

बोला, हक्क आहे. 1.011 ला थांबली म्हणजे थंडीने अडकलेली बिअरच होती, आणि वास पाण्याचा. दोन वेगळे घोळ एकाच बाटलीत आले म्हणून मी एक कारण शोधत बसलो.

तरी ती बादली मी वापरणार नाही. डायस्टॅटिकस कधी कधी एवढ्या कमी संख्येने असतो की आठवड्याभरात आकडा हलत नाही. नमुना तसाच ठेवा अजून दोन-तीन आठवडे. आणि नवी बादली फार महाग नसते.

दादर_ते_डेन्व्हर – रविवार

बादलीचं मान्य. चरे पडले की बदलावीच. आतून घासणीने घासू नका कधी. अल्कलीचं क्लीनर गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवा, मग मऊ फडका. आधी मळ निघायला हवा. मळावर सॅनिटायझर ओतून काही निर्जंतुक होत नसतं.

फेसाळलेला – रविवार

आणि फ्रीजमधल्या बाटल्यांचं काय? दाब उतरलाय, पण वास आहे तो आहेच.

ओंब्या – रविवार

ओता. वास जाणार नाही असं वर सांगितलंय, आणि एकदा एवढा ताण घेतलेल्या बाटल्या परत वापरू नका, काचेत बारीक भेगा असू शकतात. रिसायकलच्या डब्यात.

ओतायच्या आधी एक ग्लास बाजूला काढून नीट हुंगून ठेवा मात्र. क्लोरोफिनॉल एकदा नाकात बसला की पुढे कुणाच्याही बिअरमध्ये पहिल्या घोटात ओळखाल.

पेठेतला_पाहुणा – सोमवार

आमसुलीताई, तुमच्या आयडीवरून विचारतो. तुम्ही बिअरमध्ये खरंच आमसूल घालता?

आमसुली – सोमवार

घालते, गोझमध्ये. जर्मनीची आंबट-खारट बिअर ती, आमसूल तिच्यात घरच्यासारखं बसतं. हॉप्स घालायच्या आधी वर्ट (माल्टचा अजून न आंबलेला रस) लॅक्टोबॅसिलसने आंबवून घेते, कारण हॉप्स पडले की बऱ्याच लॅक्टोंचा जोर ओसरतो. पीएच 3.3-3.4 ला आलं की उकळून जिवाणू मारायचे, मग यीस्ट. आमसुलं शेवटी घालते, आंबणं संपल्यावर. रंग सुरेख येतो.

दोन गोष्टी सांभाळायच्या. देशी दुकानातली आमसुलं मिठाची असतात, तेव्हा पाककृतीतलं मीठ आधी अजिबात घालू नका, एका पेल्यात आमसूल भिजवून चाखा आणि मग ठरवा. दुसरं म्हणजे, आमसुलात साखर फारशी नसते, पण सरबताच्या बाटलीतला कोकम सिरप म्हणजे मुख्यतः साखरच. तो बाटल्या भरताना घातला तर फेसाळरावांचं कपाट होईल. घालायचाच तर बादलीत घाला, आणि हायड्रोमीटर दोनदा सारखा आल्याशिवाय बुचांचं पाकीट उघडू नका.